चावऱ्या कुत्र्याला ट्रेनर ‘नाही’ म्हणतात, ते का?

प्रश्न : आमच्याकडे साडेतीन वर्षांचा ब्रुनो आहे. जर्मन शेफर्डचा क्रॉस, वजन 32 किलो. घरात आम्ही दोघं, सासूबाई आणि पाच वर्षांचा मुलगा. पिल्लू असताना ट्रेनर लावून ‘सिट’, ‘स्टे’ सगळं शिकवलंय आणि तो अजूनही ऐकतो. वर्षभरापासून जेवताना कोणी जवळून गेलं तरी गुरगुरायचा. आम्ही दरडावलं, तेव्हापासून गुरगुरणं बंद झालं. पावसाळ्यात सासूबाई त्याचे पाय पुसत असताना हाताला चावला, दोन बारीक भोकं पडली. घरचाच कुत्रा, लस दिलेला, म्हणून हळद लावून गप्प बसलो. दोन महिन्यांपूर्वी दार उघडताच कुरिअरवाल्याची पोटरी धरली. चार भोकं, त्यातलं एक खोल, भोवती काळंनिळं. ओढून सोडवावा लागला. त्या मुलाच्या उपचाराचा खर्च आम्ही केला. मग ट्रेनर शोधले. पहिल्याने फोनवरच सांगितलं, ‘चावरे कुत्रे घेत नाही.’ दुसऱ्याने जखमेचे फोटो मागितले, भोकं किती, धरून ठेवलं की सोडलं, घरात लहान मूल आहे का, अशी उलटतपासणी घेतली आणि त्यानेही नकार दिला. तिसरा तयार आहे. महिनाभर त्याच्याकडे ठेवायचा, बेल्ट वापरून खोड मोडून देतो म्हणतो, गॅरंटीसकट. पैसे मिळत असताना हे लोक काम का नाकारतात? तिसऱ्याकडे पाठवू का?
– एक वाचक, डोंबिवली

उत्तर :

ताई, तिसऱ्याकडे पाठवू नका. ॲडव्हान्स दिला असेल तर तो गेला असं समजा.

आता दुसऱ्या ट्रेनरबद्दल. त्याने घेतलेली ‘उलटतपासणी’ हेच तुम्हाला आतापर्यंत मिळालेलं सर्वांत नेमकं काम आहे, आणि तेही फुकट. चाव्याची तीव्रता मोजण्यासाठी पशुवैद्यक आणि वर्तनतज्ज्ञ इयन डनबर यांची सहा पायऱ्यांची पट्टी जगभर वापरली जाते. पहिल्या पायरीत कुत्रा अंगावर येतो, पण दात लागत नाहीत. दुसरीत दात लागतात, भोक पडत नाही. तिसरीत एकाच चाव्यात एक ते चार भोकं पडतात, मात्र एकही भोक सुळ्याच्या निम्म्या लांबीपेक्षा खोल नसतं. चौथीत निदान एक भोक त्याहून खोल जातं, आणि भोवती काळंनिळं होतं कारण कुत्र्याने धरून ठेवून दाबलेलं असतं. पाचवीत असे अनेक चावे, सहावीत मृत्यू. वर दोन आणि खाली दोन सुळे असतात म्हणून एका चाव्यात जास्तीत जास्त चार भोकं. कातडी एकाच दिशेला फाटली असेल तर माणसाने हातपाय ओढून घेतला म्हणून. दोन्ही दिशांना फाटली असेल तर कुत्र्याने पकडून मान झटकली म्हणून. फोटो मागितला तो हे पाहायला.

सासूबाईंचा चावा तिसऱ्या पायरीचा आहे. कुरिअरवाल्याचा, तुम्ही लिहिता त्यावरून, चौथीचा. तिसऱ्या पायरीच्या कुत्र्यावर नीट काम झालं तर बऱ्यापैकी आशा असते. चौथीबद्दल डनबर यांचं मत कडक आहे: मोठ्या वयाच्या कुत्र्याला हलकं चावायला शिकवणं अवघड आणि धोक्याचं असतं, आणि घरातले लोक शंभर टक्के पथ्य पाळतात असं क्वचितच घडतं, म्हणून सुधारणेची आशा कमी. दुसऱ्या ट्रेनरने फोटोतलं ते खोल भोक पाहिलं, घरात पाच वर्षांचं मूल आहे हे ऐकलं आणि स्वतःची कुवत तपासली. त्याला हात झटकणं म्हणू नका.

पहिल्याचा नकार वेगळा. बहुतेक ट्रेनर आज्ञा शिकवतात: बस, थांब, इकडे ये, पट्टा ओढू नको. ब्रुनोला हे सगळं येतं, तुम्हीच लिहिलंय. आज्ञा येत असूनही तो चावला, म्हणजे अडचण आज्ञेची नाहीच. ती भीतीची, वेदनेची किंवा ‘माझं हिसकावून घेतील’ या धास्तीची आहे. भावना बदलणं हे वेगळं शिक्षण आहे आणि ते सगळ्यांनी घेतलेलं नसतं. आपल्याकडे ट्रेनर व्हायला कुठलाच सरकारी परवाना लागत नाही. बोर्ड लावला की ट्रेनर. अशा धंद्यात ‘हे मला येत नाही’ म्हणणारा माणूस भेटला तर त्याचा नंबर जपून ठेवा. पुढे साध्या शिकवणीला उपयोगी पडेल.

नकाराची आणखी काही कारणं आहेत, जी फोनवर कोणी तोंडावर सांगत नाही. ट्रेनर आठवड्यातून एक तास येणार. उरलेले 167 तास कुत्रा तुमच्यासोबत. त्या 167 तासांत एकदा जरी सासूबाईंनी ताट जवळून नेलं, मुलाने शेपटीवर पाय दिला, पाहुण्याने ‘मला कुत्रे चावत नाहीत’ म्हणत हात पुढे केला, की महिन्याचं काम पाण्यात. प्रत्येक चाव्यातून कुत्रा एकच धडा घेतो: चावलं की नको असलेली गोष्ट दूर जाते. म्हणून जाणकार माणूस कुत्र्याआधी घर पाहतो. दारं बंद ठेवायची शिस्त आहे का, सगळे एकाच नियमाने वागतील का, ‘आमचा ब्रुनो मनाचा चांगला आहे हो’ असं मध्येच कोणी म्हणतंय का.

मग कायदा. भारतीय न्याय संहितेच्या कलम 291 प्रमाणे ताब्यातल्या जनावराबाबत निष्काळजीपणा करून माणसाच्या जिवाला किंवा गंभीर दुखापतीचा धोका निर्माण केला तर सहा महिन्यांपर्यंत कैद, 5000 रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. ‘ताब्यातल्या’ या शब्दाकडे लक्ष द्या. पट्टा ट्रेनरच्या हातात असताना चावा झाला तर प्रश्न त्यालाही विचारला जाणार. शिवाय त्याचे स्वतःचे हात आहेत. पंजाला खोल चावा बसून शिरेला इजा झाली तर त्याचा धंदाच बसतो. आणि ज्या गोष्टीचा निकाल ठरलेला नाही तिचे पैसे घेऊन सहा महिन्यांनी ‘मूल वाचवायचं असेल तर कुत्रा इथे ठेवू नका’ हे सांगायची वेळ येऊ शकते, हेही त्याला दिसत असतं. अनेकांना ते ओझं नको असतं. तो त्यांचा हक्क आहे. नकार देताना पुढचा पत्ता न देणं मात्र चूक. ते दोघांनीही केलेलं दिसतं.

आता तुमचा तिसरा उमेदवार. त्याने कुत्रा न पाहता, जखमेबद्दल एक प्रश्न न विचारता गॅरंटी दिली. वर्तनाची गॅरंटी कोणीच देऊ शकत नाही, माणसाच्या नाही आणि कुत्र्याच्याही नाही. ‘बेल्ट’ म्हणजे बहुधा शॉक देणारा किंवा आतून टोकं असलेला पट्टा. त्याने काय होतं ते तुमच्याच पत्रात आहे: दरडावलं आणि गुरगुरणं बंद झालं. गुरगुरणं ही सूचना होती. कुत्रा चावण्याआधी पायऱ्या चढत जातो. तोंड फिरवतो, ओठ चाटतो, झोप आली नसताना जांभई देतो, डोळ्यांचा पांढरा भाग दिसू लागतो, अंग ताठ होतं, मग गुरगुर, मग दात. मधली पायरी शिक्षेने काढून टाकली की धास्ती तेवढीच राहते आणि चावा ‘अचानक’ येतो. आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी. त्यात कुरिअरवाला दिसताच मानेला झटका बसला, तर ब्रुनो एवढंच शिकेल की कुरिअरवाला आला की मान दुखते. महिनाभराने तो शांत होऊन येईलही. पण तो दबून गेलेला असेल, आणि तुमचं घर, तुमचं दार, तुमचं मूल दिसलं की काही आठवड्यांत गाडी मूळ पदावर. अमेरिकेतल्या पशुवैद्यकीय वर्तनतज्ज्ञांच्या संघटनेने 2021 मध्ये स्पष्ट भूमिका घेतली आहे की आक्रमक कुत्र्यांसकट सर्वांसाठी बक्षिसावर आधारलेल्या पद्धतीच वापराव्यात. ‘घरात बॉस कोण ते दाखवा’ हा सल्लाही कोणी देईल. तो बंदिस्त लांडग्यांच्या जुन्या निरीक्षणांवरून आला आणि लांडग्यांचे अभ्यासक डेव्हिड मीच (Mech) यांच्यामुळे तो लोकप्रिय झाला, त्यांनीच पुढे तो मागे घेतला.

तर करायचं काय? क्रम महत्त्वाचा आहे.

आजच मूल आणि कुत्रा यांच्यात बंद दार. ‘मी बसलेय ना समोर’ हे पुरेसं नाही, कारण 32 किलोचा कुत्रा दोन मीटर अंतर पार करतो तोवर तुम्ही खुर्चीतून उठतही नाही. दाराला मुलाचा हात पोहोचणार नाही अशी वर कडी बसवा. ब्रुनोचं जेवण वेगळ्या खोलीत, दार लावून. तो खात असताना कोणीही आत जायचं नाही, आणि भांडं तो दुसऱ्या खोलीत गेल्यावरच उचलायचं. जेवताना भांड्यात हात घालून ‘सवय लावणं’ बंद. बेल वाजली की आधी ब्रुनो आत, कडी, मग मुख्य दार. पार्सलं वॉचमनकडे ठेवायला सांगा, म्हणजे निम्मी कटकट संपते. पाय पुसणंही सध्या बंद. दारात जाड ओला टॉवेल अंथरा आणि त्यावर खाऊचे दाणे टाका. चालता चालता पाय निघतात तेवढे निघू देत.

आठवड्याच्या आत व्हेट. तुमच्या पत्रातली सर्वांत बोलकी गोष्ट म्हणजे पाय पुसताना झालेला चावा. पावसाळ्यात बोटांच्या बेचक्यात ओल राहून जंतुसंसर्ग होतो, तिथे गोचीड लपते, पंजा हुळहुळा होतो. जर्मन शेफर्डच्या रक्तात खुब्याच्या आणि कोपराच्या सांध्याचे विकार असतात. पाय वर उचलला की कळ येते. डॉक्टरांना बेचकं, कान, दात, खुबा आणि पाठ तपासायला सांगा. रक्ताची तपासणी करा, त्यात गोचीडतापाची आणि थायरॉइडचीही. गरज वाटल्यास खुब्याचा एक्स-रे. जवळ सोय नसेल तर परळला मुंबई पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे. जाण्याआधी फोन करून ‘चावण्याचा इतिहास आहे’ हे सांगा, म्हणजे तासभर आधी बाकावर इतर कुत्र्यांसोबत बसावं लागणार नाही आणि घरून निघण्यापूर्वी द्यायचं शांत करणारं औषध ते लिहून देतील. माणसांच्या वेदनाशामक गोळ्या घरच्या डब्यातून देऊ नका. आयबुप्रोफेन कुत्र्याला विषासारखी आहे.

नसबंदीने हे थांबेल असं बरेच जण सांगतील. भटकणं, दुसऱ्या नरांशी भांडणं यावर तिचा परिणाम दिसतो. भीतीतून येणाऱ्या चाव्यावर ती उपाय म्हणून धरता येत नाही, घाबरट कुत्र्यात तर उलटही होऊ शकतं. निर्णय डॉक्टरांशी बोलून.

मुसकं हवंच. दुकानात कापडी नळीसारखं मिळतं ते घेऊ नका. त्यात तोंड मिटलेलं राहतं, कुत्र्याला धापा टाकता येत नाहीत, आणि आपल्या उन्हात काही मिनिटांत त्याला उष्माघात होऊ शकतो. पिंजऱ्यासारखं, जाळीचं घ्या. आत पूर्ण तोंड उघडून जीभ बाहेर काढता आली पाहिजे, पाणी पिता आलं पाहिजे, जाळीतून खाऊ घेता आला पाहिजे. मापं दोन: डोळ्यांच्या किंचित खालपासून नाकाच्या टोकापर्यंतची लांबी, आणि डोळ्यांखालून तोंडाभोवतीचा घेर. घेर मोजताना तोंड मिटलेलं असतं, म्हणून घेरात सैल जागा सोडणारंच निवडा. नाक पुढच्या जाळीला टेकता कामा नये. गळ्याच्या पट्ट्याखाली दोन बोटं जावीत.

आणून थेट चढवू नका. इथेच बहुतेक लोक फसतात, कारण मुसकं पहिल्यांदा दिसतं तेव्हा इंजेक्शन असतं. पहिले दोनतीन दिवस ते नुसतं जमिनीवर ठेवा आणि आत उकडलेल्या चिकनचे किंवा पनीरचे हरभऱ्याएवढे तुकडे टाका. मीठ, कांदा, लसूण नको. मग मुसकं हातात धरा, जाळीच्या आतल्या बाजूला दही लावा आणि तो स्वतः नाक घालेल याची वाट पाहा. तुम्ही मुसकं पुढे सरकवायचं नाही. एक सेकंद, मग तीन, मग दहा. सहज दहा सेकंद राहू लागला की पट्टा मानेमागे नुसता टेकवा, नंतर लावा आणि लगेच काढा. एका वेळी दोन-तीन मिनिटं, दिवसातून दोनदा. पंजाने काढायला लागला तर तुम्ही घाई केलीत. दोन पायऱ्या मागे या. साधारण दोन ते चार आठवडे लागतात. जमलं की लिफ्टमध्ये, जिन्यात, व्हेटकडे मुसकं आणि दीड मीटरचा साधा पट्टा. लांब होणारा चक्रीचा पट्टा नको. मुसक्याच्या भरवशावर मुलाजवळ सोडायचं नाही. 32 किलोचा धक्काही पाडतो.

तोवर एक वही ठेवा. चावा, झडप, गुरगुर, अंग ताठ होणं, प्रत्येक वेळी तारीख, वेळ, कोण होतं, किती अंतरावर, आधीच्या दोन तासांत काय घडलं. यातला शेवटचा रकाना लोक गाळतात. सकाळी फटाके, दुपारी पाहुणे, संध्याकाळी लिफ्टमध्ये दुसरा कुत्रा, असा ताण साठत जातो आणि रात्री बिचाऱ्या सासूबाईंनी नुसतं कूस बदलल्यावर फुटतो. तीन आठवड्यांची वही ही पुढच्या तज्ज्ञाची निम्मी फी वाचवते.

खरं वर्तनकाम तज्ज्ञाच्या देखरेखीखालीच करा, पण ते कसं दिसतं हे माहीत असावं, म्हणजे फसवणूक ओळखता येईल. ज्या गोष्टीने कुत्रा भडकतो ती इतक्या दुरून दाखवायची की तो पाहील पण ताठ होणार नाही. दिसली की लगेच चिकन. नाहीशी झाली की चिकन बंद. आधी खाऊ दाखवून मग माणूस आणला तर उलट होतं, खाऊच धोक्याची खूण ठरतो. पाच मिनिटांत संपवायचं. अंतर अर्ध्या मीटरने कमी करायलाही कधी आठवडा लागतो. बाहेरून पाहणाऱ्याला हे कंटाळवाणं वाटतं. कुत्रा भुंकत नाही, झेपावत नाही. तसंच दिसायला हवं. जो ‘तज्ज्ञ’ पहिल्याच भेटीत त्याला चिडवून ‘किती अ‍ॅग्रेसिव्ह आहे बघू’ म्हणतो, त्याला चहा देऊन निरोप द्या. काही कुत्र्यांना सोबत औषधं लागतात. फ्लुऑक्सेटिनसारखं औषध व्हेट लिहून देतात तेव्हा परिणाम दिसायला साधारण चार ते सहा आठवडे जातात. पंधरा दिवसांत ‘फरक नाही’ म्हणून बंद करू नका.

हळदीचं आता. घरच्या कुत्र्याचा चावा असला तरी जखम साबणाने वाहत्या पाण्याखाली 15 मिनिटं धुवायची, हळद-मिरची-चुना काही लावायचं नाही, आणि त्याच दिवशी डॉक्टरकडे. रक्त आलेला चावा रेबीजच्या वर्गवारीत तिसऱ्या श्रेणीत धरतात (ही डनबर यांची पट्टी नव्हे). लशीसोबत जखमेत इम्युनोग्लोब्युलिन (तयार प्रतिपिंडांचं इंजेक्शन) द्यायचं की नाही ते डॉक्टर ठरवतात, धनुर्वाताचंही पाहतात. कुत्रा चावल्यानंतर 10 दिवस धडधाकट राहिला तर त्या चाव्यातून रेबीजची भीती नसते, त्यामुळे दोन्ही जुन्या चाव्यांची ती काळजी मिटली आहे. पण 10 दिवस वाट पाहत लस सुरू करायची थांबवायची नसते. ब्रुनोच्या लशीची तारीख आणि पालिकेचा परवाना आजच तपासा.

आणि एक अवघड गोष्ट, कारण पहिल्या दोघांनी ती बोलायची टाळली. हे सगळं करूनही ब्रुनो पाच वर्षांच्या मुलाच्या घरात सुरक्षित होईलच असं नाही. तुम्ही तीन मोठी माणसं कडीचा नियम वर्षानुवर्षं पाळू शकणार नसाल तर ते आत्ताच मान्य करा. दुसरं घर शोधायचं तर मुलं नसलेलं, जाणकार, आणि तिन्ही घटना लेखी सांगून. लपवून दिलात तर पुढचा चावा तुमच्या माथी. चावण्याचा इतिहास असलेले कुत्रे बहुतेक संस्थाही घेत नाहीत, याच कारणांसाठी. रस्त्यावर सोडणं हा प्राण्यांना क्रूरतेने वागवण्यास प्रतिबंध करणाऱ्या 1960 च्या कायद्याखाली गुन्हा ठरू शकतो, शिवाय तिथे तो कोणाच्या तरी मुलाला चावेल. कधी कधी व्हेट आणि वर्तनतज्ज्ञ दोघंही, सगळं तपासून, इच्छामरणाचा पर्याय मांडतात. तुमच्यावर ती वेळ आली आहे असं आम्ही म्हणत नाही. वेदना सापडली आणि बरी झाली तर चित्र बरंच बदलू शकतं. पण हा निर्णय ट्रेनर देत नाही आणि शेजारीही नाही.

हे सगळं हाताशी आलं की दुसऱ्या ट्रेनरला पुन्हा एकदा मेसेज करा. मजकूर असा ठेवा: ‘नकार कळला, राग नाही. जखमेचे फोटो, व्हेटचा रिपोर्ट आणि तीन आठवड्यांची नोंद पाठवते. मुसक्याची सवय झाली आहे. मूल आणि कुत्रा कडीबंद वेगळे आहेत. तुम्ही घेणार नसाल तर व्हेटसोबत काम करणारं, शॉकचा पट्टा न वापरणारं कोणी माहीत आहे का? व्हिडिओ कॉलवर चालेल.’